लाल ठिपक्याची बाजू

अकरा दिवस मी जनाबाईंवर नजर ठेवून होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही अशी माझी समजूत होती.

कळव्याला आमची बिल्डिंग गावठाणाला लागूनच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून खाली बघितलं की मध्ये हातगाडी जाईल एवढी गल्ली, पलीकडे जनाबाई आणि गोमाजी यांचं कौलारू घर आणि त्यामागे खाडी. सकाळी जनाबाई ओट्यावर कोलंबी सोलत बसायच्या आणि शेजारपाजारची पोरं त्यांच्याभोवती असायची. मी कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने उभी राहायचे. एकच बाळोतं तीन तीन वेळा झटकायचे. हात कधी धुतात, पोरांच्या हातावर काय ठेवतात, खाडीकडचं मागचं दार उघडं टाकतात का, सगळं बघत होते. पुढच्या दारातून ते मागचं दार आरपार दिसायचं, आणि त्याला कायम कडी असायची. एखादं रांगतं पोर ओट्याकडे यायला लागलं, की बोलणं न थांबवता जनाबाई विळी उचलून वरच्या फळीवर ठेवायच्या. अकरा दिवसांत एकदाही चुकल्या नाहीत. माझं मन त्या विळीनेच पक्कं केलं.

माणूस हवं होतं ते तुळसासाठी. माझी मुलगी, चौदा महिन्यांची. मला डोंबिवलीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. तिथल्या श्रीपाद सरांनी हे हसत हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं. बी.एस्सी. होऊन मला पाच वर्षं झाली होती. मला ही जागा मनापासून हवी होती. पण तुळसाला कुणाच्या हातात देऊन जायचं हे ठरल्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नव्हते. आई वर्तकनगरला राहते, पण तिच्या गळ्यात भावाची जुळी. सासूबाई गावाला, आणि म्हशी सोडून येणं त्यांना जमणार नव्हतं.

म्हणून बुधवारी मी तुळसाला घेऊन खाली गेले. जनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तुळसाला मांडीवर घेतलं, तिच्या पायाची बोटं एकेक करून दाबून बघितली, कानामागे वास घेतला. मी देण्याघेण्याचं बोलायला लागले, तसं त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला.

"मना वायर दे," त्या म्हणाल्या.

त्यांना कशाची वायर हवी होती ते मला लगेच कळलं. महिन्याभरापूर्वी त्या कोलंबीचा वाटा द्यायला वर आल्या होत्या. मी टीव्हीवर चॅनेल फिरवत होते आणि मध्येच एक चिनी चॅनेल लागलं. त्यात एक बाई अख्खा मासा डोक्यासकट साफ करत होती. जनाबाई वाटी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. बाईचं एक अक्षर कळत नव्हतं, पण जनाबाईंना कळायचं राहिलं नव्हतं काहीच. पित्त न फोडता काढलं बघ, म्हणाल्या. कढईत टाकताना शेपटीकडून टाकला तेव्हा त्यांनी मान डोलावली. मासा ताटात येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. नंतर दोनदा सहज विचारून गेल्या, ती बाई परत आली का.

त्यांचा थोरला मुलगा दामाजी मुलुंडला नोकरीला होता. त्याने जुना टीव्ही आणि जुना रिसिव्हर आईला आणून दिला होता. पण आठ फुटी डिश कौलांवर बसणार कशी? केबलवाला गावठाणात लाइन टाकायला तयार नव्हता. त्यामुळे तीन महिने त्या टीव्हीवर जाळ्याच्या सुताचे गुंडे ठेवलेले होते.

आमच्या गच्चीवर मात्र डिश होती. माझा नवरा उत्तम वागळे इस्टेटमध्ये डिश बनवण्याच्या कारखान्यात आहे. तिथे एका डिशची पाकळी चेपली म्हणून ती बाजूला पडली, ती त्याने घरी आणून ठोकून सरळ केली आणि लावली. तेवढ्या भागात आमच्याइतकं स्वच्छ चित्र कुणाचं नव्हतं. पण उत्तम त्या वेळी सुरतला होता, एका हॉटेलवर डिश बसवायला. पंधरा दिवसांनी येणार.

संध्याकाळी सातला खालच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा. मी सांगितलं. तो म्हणाला, मी आलो की लाइन टाकतो, दोन आठवडे थांब. मी म्हटलं, सोमवार थांबणार नाही. मग तो फोनवरच जोडणी समजावायला लागला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्प्लिटर आहे. एका बाजूने डिशची वायर आत येते, दुसऱ्या बाजूने दोन निघतात, एक आपल्या रिसिव्हरला, एक त्यांच्या.

"आणि ऐक मालन, त्या दोनपैकी एका तोंडावर लाल ठिपका आहे. ते आपल्याकडे ठेव. नाहीतर आपला टीव्ही त्यांच्या हातात जाईल."

ते असं होतं. डिशच्या तोंडासमोर जो डबा असतो, त्याला आम्ही डोकं म्हणायचो. त्या डोक्याला करंट लागतो, आणि तो घरातला रिसिव्हरच त्याच वायरमधून वर पाठवतो. चॅनेलं दोन प्रकारच्या लहरींवर येतात, काही उभ्या, काही आडव्या. रिसिव्हर करंटचा दाब थोडा कमीजास्त करून डोक्याला सांगतो, आता उभ्या पकड, आता आडव्या. एका वेळी डोकं एकच पकडतं. आमची हिंदी चॅनेलं आडवी होती आणि ती चिनी बाई उभी. घरं दोन झाली की हुकूम एकाच घराने करायचा. लाल ठिपक्याच्या तोंडातून करंट वर जातो, दुसऱ्यातून जात नाही. दुसऱ्या घराने पहिल्याच्या हुकमात जे मिळेल त्यातलं बघायचं.

हे मी उत्तमला समजावून सांगू शकले असते इतकं मला कळत होतं. मी हो म्हटलं.

गुरुवारी गॅलरीतून कपड्यांची दोरी टाकून अंतर मोजलं आणि ठाण्याला जाऊन पंचवीस मीटर वायर आणली. शुक्रवारी दुपारी तुळसा झोपली तेव्हा जनाबाई वर येऊन तिच्याजवळ बसल्या आणि मी गोमाजीकाकांना घेऊन गच्चीवर गेले. साडीचा पदर खोचला, वायरची टोकं सोलली, कनेक्टर बसवले. काका साठीच्या घरातले, कमी बोलणारे. माझ्या हातांकडे बघत होते. त्यामुळे मलाच बोलायला उत्साह आला. उभं-आडवं सांगितलं, करंट सांगितला, लाल ठिपका दाखवला आणि तो आमच्याकडे का, तेही सांगितलं. त्यांनी सगळ्याला हुं म्हटलं.

वायर गल्लीवरून पलीकडे न्यायचं काम मात्र त्यांचं होतं, आणि ते मला शिकवण्यासारखं नव्हतं. शिडी न लावता, नुसती दोरीने खेचून त्यांनी ती पलीकडे घेतली. पण भिंतीत शिरायच्या आधी त्यांनी वायरला खाली हातभर लोंबकळतं पोट ठेवलं. मला ते गचाळ वाटलं. मी म्हटलं, काका, ताणून घ्या ना सरळ.

"पानी दोरीवरून चालत घरान येतं," ते म्हणाले. "पोट ठेवला का तिथंच गळतं."

माझ्या कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. पण मी अंतर मोजलं होतं ते सरळ दोरीने. त्या पोटात वायर गेली आणि त्यांच्या घरात टीव्हीपाशी पोचायला साधारण हातभर कमी पडली. बिस्किटांच्या डब्यात वायरचा एक तुकडा शिल्लक होता. तेवढ्यात वरून, आमच्या घरातून, तुळसाचं रडणं आलं. काका म्हणाले, तुकडा दे, मी जोडतंय. मी दिला आणि पळाले. दुधाची बाटली दोनदा उकळणारी मी, वायर कशी जोडायची हे सांगायला अर्धा मिनिट थांबले नाही.

शनिवारी सकाळी आमच्याकडे लख्ख चित्र, आणि जनाबाईंच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

मी खाली गेले. रिसिव्हरची बटणं फिरवली, मागची वायर काढून परत लावली. मुंग्याच. जनाबाई तुळसाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. भीती वाटली की मी पटापटा बोलायला लागते, हे मला माहीत आहे. मी विचारलं, कुणी वायर ओढली का, पोरांनी हात लावला का, कुठे पाणी सांडलं का. एकामागोमाग एक, उत्तराची वाट न बघता.

जनाबाईंनी शांतपणे विचारलं, वर तुझ्या घरात नीट दिसतंय का. मी हो म्हटलं.

"लाल टिकली कुनाकडं हाय?"

"आमच्याकडे. पण मावशी, त्याचा याच्याशी काही—"

"म्हंजे कळ तुझे हातान." त्यांनी तुळसाचं झबलं खाली ओढून नीट केलं. "अकरा दिस तू वरून बघत होतीस. मी काय बोलली? बघू दे, बोललं, पोरीची आई हाय. पन आता मना चोरासारखी विचारतेस. कळ तू सोडत नाय आनि पोर माझे हातान देतेस. कसं जमल गो बाय?"

त्यांनी तुळसाला माझ्याकडे दिलं. रागाने नाही, उलट तिचं डोकं माझ्या खांद्यावर नीट टेकवून. सोमवारचं दुसरं कुणीतरी बघ, म्हणाल्या, आणि आत गेल्या.

घरी येऊन मी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली. तळमजल्यावरच्या शांताबाईंना गुडघ्याचं दुखणं. समोरच्या बिऱ्हाडात दिवसभर कुलूप. तिसरं नाव लिहायला सुचलंच नाही. तुळसा मांडीवर बसून पेन तोंडात घालत होती. अकरा दिवस त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी एकदाही वर बघितलं नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं होतं.

पण एक मला स्वतःबद्दल माहीत आहे. काळजी करताना हात मोकळे असले तर मी वाढवत बसते, हाताला काम असलं तर डोकं सरळ चालतं. मी पेन काढून घेतलं आणि लिहायला लागले. आमच्याकडे चित्र आहे, म्हणजे डिश ठीक, डोकं ठीक. त्यांच्या रिसिव्हरवर दिवा लागतो. उरली वायर. टॉर्चमधला सेल आणि छोटा बल्ब काढला, दोन तारा जोडल्या आणि दुपारी गच्चीवर जाऊन त्यांच्या घराकडे जाणारी वायर स्प्लिटरपासून सोडवली. त्या वायरमध्ये आत एक तार असते, भोवती पांढरा थर, आणि त्याच्यावर बारीक तारांचं विणलेलं जाळं. आतल्या तारेला माझ्या बल्बचं एक टोक लावलं आणि जाळ्याला दुसरं. बल्ब लागायला नको होता.

लागला.

म्हणजे कुठेतरी आतली तार आणि बाहेरचं जाळं एकमेकांना भिडली होती. कुणी ओढली नव्हती, कुणी पाणी सांडलं नव्हतं. आणि कुठे भिडली असणार तेही मला गच्चीवर उभ्या उभ्याच कळलं.

रविवारी सकाळी तुळसाला कडेवर घेऊन, पिशवीत सेल, बल्ब आणि पकड घेऊन मी त्यांच्या ओट्यासमोर उभी राहिले. जनाबाई आत पाट्यावर वाटत होत्या. त्यांनी बघितलं आणि वाटणं चालू ठेवलं. मी काकांना म्हटलं, वायर एकदा तपासायची आहे, चूक माझी असेल असं वाटतंय. काकांनी बाजूला होऊन वाट दिली.

वायरवरून बोट फिरवत गेले. पोटापासून वर, कौलांच्या फटीतून आत, जाळी टांगायच्या खुंट्यांवरून पुढे. टीव्हीच्या हातभर आधी जोड सापडला.

खरं सांगते, इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. आतली तार आणि बाहेरच्या जाळ्याच्या बारीक तारा, दोन्ही टोकांच्या, सगळ्या एकमेकींत विणलेल्या. त्यावर सुताचे एकसारखे वेढे, आणि सुताला मेण. कुठे टोक वर आलेलं नाही, कुठे फुगवटा नाही.

"ओढून बघ," काका म्हणाले.

मी ओढलं. खुंटी निघाली असती, जोड निघाला नसता.

मी विचारलं, कसा केला? ते सांगायला लागले, आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच सलग बोलले. दोर तुटला की दोन्ही टोकं उलगडायची. सगळे पीळ मोकळे करायचे, आणि यातला त्यात, त्यातला यात असे घालत जायचं. एकही पीळ बाहेर ठेवायचा नाही. बाहेर ठेवलेला पीळच पुढे दगा देतो. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि त्यांचा एकही दोर जोडावर सुटला नव्हता.

"काका, हे मी तुम्हाला शुक्रवारी सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही."

तुळसाला खाली बसवलं. डब्यातला उरलेला वीतभर तुकडा सोलून त्यांच्या हातात दिला. ही आतली तार एकटी जाते, हे जाळं बाहेरून जातं, आणि मधला पांढरा थर आहे तो या दोघांची भेट होऊ नये म्हणूनच. चांगल्या तुकड्याला बल्ब लावून दाखवला, लागला नाही. मग वायरचं टोक रिसिव्हरमागून काढून त्याला लावला. लागला. काकांनी बल्ब माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दोनदा लावून बघितला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"मजबूत केली आनि बाद केली," ते आत बघून मोठ्याने म्हणाले. पाट्यावरचा आवाज थांबला.

जोड त्यांनीच कापला. मला कापवला नसता. मी पिशवीतून कनेक्टर काढले, पण जाळ्याच्या केसासारख्या तारा मागे वळवून बसवायला त्यांची बोटं माझ्यापेक्षा चांगली होती. एकदा बघितलं आणि दुसरं टोक त्यांनी माझ्याआधी तयार केलं. वर चिकटपट्टी लावली, आणि त्यावर त्यांनी आपलं मेणाचं सूत गुंडाळलंच. मी नाही म्हटलं नाही.

येताना मी गच्चीवर त्यांची वायर परत स्प्लिटरला लावली होती आणि आमचा रिसिव्हर चालू ठेवला होता. टीव्ही लावला आणि हिंदी चॅनेल आलं, लख्ख. एक बाई खिडकीत उभी राहून रडत होती. जनाबाई ओले हात तसेच धरून दारात आल्या.

"ही सकाळीच कशाला रडते गो," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासाठी चिनी चॅनेल लावायला गेले. मुंग्या. अर्थातच. वर आमचा रिसिव्हर डोक्याला सांगत होता, आडव्या पकड. जनाबाईंनी मुंग्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि काही मागितलं नाही.

मी तिथेच उभी राहिले. उद्या सकाळी आमच्या घराला कुलूप लागणार. यांना चित्र दिसायला हवं तर बंद घरात आमचा रिसिव्हर दिवसभर चालू ठेवावा लागणार. गॅसची कळ बंद केली का बघायला जिन्यावरून तीनदा परत जाणारी मी, दहा तास ते गरम होणारं यंत्र कुलपात ठेवून डोंबिवलीला शांत बसणार होते का? आणि ठेवलं तरी, मी सकाळी जे लावून जाईन ते यांनी दिवसभर बघायचं. रडणारी बाई म्हटलं तर रडणारी बाई. जनाबाईंनी शनिवारी जे म्हटलं ते मला टोमणा वाटलं होतं. ती साधी खरी गोष्ट होती.

"मावशी, तुळसाला बघता का दहा मिनिटं?" मी म्हटलं, आणि उत्तर येण्याआधी निघाले.

गच्चीवर ऊन चढलं होतं. स्प्लिटरचे दोन्ही कनेक्टर सोडवले. लाल ठिपक्याचं तोंड मोकळं झालं आणि उत्तमचं वाक्य आठवलं, आपला टीव्ही त्यांच्या हातात जाईल. जाऊ दे, म्हटलं. टीव्हीपेक्षा मोठी गोष्ट उद्या त्यांच्या हातात जाणार आहे. जनाबाईंची वायर लाल ठिपक्यावर चढवली आणि बोटं दुखेपर्यंत आवळली. आमची वायर दुसऱ्यावर लावली.

खाली जाऊन म्हटलं, आता लावा. जनाबाईंनी पदराला हात पुसले आणि स्वतः बटण फिरवलं. चिनी चॅनेल आलं. मासेवाली बाई नव्हती. एक माणूस शेतात उभा राहून काहीतरी सांगत होता. जनाबाई समोर मांडी घालून बसल्या.

"मासा येल," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, लाल टिकली आता तुमच्याकडे आहे. त्यांनी विचारलं, मग तुला काय दिसल?

"तुम्ही लावाल त्यातलं."

त्यांनी यावर बराच विचार केला. तुळसा रांगत त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती. तिचा हात न सोडवता त्या म्हणाल्या, "आज दुपारला पोर ठेव. बारा ते तीन. तू वर जा. गॅलरीन यायचं नाय."

बारा वाजता मी वर गेले, गॅलरीचं दार लावलं आणि टीव्हीसमोर बसले. बघण्यासारखं काहीच नव्हतं. बारीक, फिकट मुंग्या आणि पडलेला आवाज. मग डोक्यात आलं, जनाबाईंनी त्यांचा टीव्ही आणि रिसिव्हर दोन्ही बंद ठेवले आहेत, म्हणून डोक्याला करंटच नाही. म्हणजे आत्ता त्या तुळसाला भरवत असणार. भात मऊ करून दिला होता. मी हात मांडीवर ठेवून बसले.

साडेबाराच्या पुढे मुंग्या एकदम दाट झाल्या, आवाज सळसळला. त्यांनी लावला होता. मी उठून आमचं बटण चिनी चॅनेलवर नेलं, आणि त्यांच्या घरात जे दिसत होतं तेच माझ्या घरात आलं. जनाबाई म्हणाल्या होत्या तशी ती बाई खरंच आली. आज चपटा मासा होता, पापलेटासारखा. तिने त्याला आडव्या चिरा दिल्या, आलं कापलं. मी बघत होते आणि मला माहीत होतं की गल्लीपलीकडे तुळसाही हेच बघते आहे. मासा कढईत पडला. तो अजून एका बाजूने कच्चा असताना, एक वाजून दहा मिनिटांनी, चित्र गेलं. फिकट मुंग्या.

मी ताडकन उभी राहिले. पंखा चालू होता, म्हणजे लाइट गेली नव्हती. वायर? जोड? काही झालं? हात गॅलरीच्या कडीपर्यंत गेला.

मग मी तिथेच थांबून विचार केला. महिनाभर त्या बाईची वाट बघणाऱ्या जनाबाई, मासा कढईत असताना टीव्ही कशासाठी बंद करतील? एकाच गोष्टीसाठी. तुळसाची झोपायची वेळ एकच्या पुढे असते. मी त्यांना ते सांगितलंही नव्हतं. मी कडीवरचा हात काढला आणि त्या मुंग्यांसमोर जाऊन बसले, तीन वाजेपर्यंत. मध्ये मलाही डुलकी लागली.

तीनला खाली गेले तेव्हा काका दारात जाळं विणत बसले होते. त्यांनी ओठांवर सुई आडवी धरली आणि हनुवटीने आत दाखवलं. तुळसा गोधडीवर पालथी झोपली होती, मूठ गालाखाली. जनाबाई भिंतीला टेकून तिला वारा घालत होत्या. विळी फळीवर होती. मी बघितलं ते जनाबाईंनी बघितलं, आणि या वेळी त्या हसल्या.

सोमवारी पावणेनऊला मी डोंबिवलीच्या लॅबमध्ये होते.

संध्याकाळी सातला तुळसाला कडेवर घेऊन बूथवर गेले. तिच्या केसांना खोबरेल तेल आणि कोलंबीच्या कालवणाचा वास येत होता. उत्तमने आधी नोकरीचं विचारलं. मी सांगितलं, मस्टरवर सही केली, सरांनी कपाटांच्या किल्ल्या दिल्या, गॅल्व्हानोमीटर सगळे बिघडलेले आहेत आणि ते मी दुरुस्त करणार आहे. मग तुळसाचं विचारलं. मी सांगितलं, जेवली, झोपली, आणि मला बघून उडी मारून आली नाही, जरा विचार करून आली.

"आणि लाल ठिपका आपल्याकडे ठेवलास ना?"

"नाही. त्यांच्याकडे दिला."

"अगं, मग आपल्या घरात काय दिसणार?"

"जनाबाई लावतील ते."

"आणि मला मॅच बघायची असली तर?"

"तर गल्ली ओलांडायची आणि त्यांना विचारायचं," मी म्हटलं. "फक्त जाताना हात धुऊन जा. त्या बघतात."